‘एकच प्याल्या’चे गणित

आपल्या महाविद्यालयात वादविवादासाठी कोणताही विषय वर्ज्य नाही. लोकशाहीपासून लिव्ह-इनपर्यंत सर्व विषयांवर आपण हिरिरीने बोलतो, टाळ्या घेतो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन वडापाव खातो. दारूचा विषय निघाला की मात्र दोनच सूर कानी पडतात. व्यासपीठावर उपदेशाचा आणि व्यासपीठामागे थट्टेचा. उपदेश ऐकून कोणी सुधारल्याचे मी तरी पाहिलेले नाही. थट्टा ऐकून मात्र काही जण सुरुवात करतात, हे वसतिगृहात तीन वर्षे काढल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. म्हणून या लेखात दोन्ही सूर बाजूला ठेवून थोडा हिशोब मांडण्याचा विचार आहे. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी, गणिताशी माझे सख्य दहावीतच संपले. तेव्हा हिशोब अगदी सोपा आहे, वाचकांनी घाबरू नये.

प्रथम भाषेकडे पाहू, कारण आपण कला शाखेचे लोक. आपल्या मित्रमंडळींत ‘दारू’ हा शब्द जवळजवळ कोणीच उच्चारत नाही. ‘आज बसायचं का?’ असे विचारतात. बिचारे ‘बसणे’ हे क्रियापद! परीक्षेला बसणे, धक्का बसणे, घडी बसणे एवढे सारे अर्थ पेलून दमले होते, त्यात ही भर पडली. मग क्वार्टर, चपटी, खंबा, चकणा हे शब्द येतात. आषाढ संपताना घरोघर दिवे पुजायचे ती दिव्यांची अवस. तिचे आपण ‘गटारी’ करून टाकले. यात एक सामाजिक गंमतही आहे. कॅम्पातल्या हॉटेलात बसलेला गृहस्थ ‘ड्रिंक्स घेतो’ आणि वस्तीतला हमाल ‘दारू पितो’. बाटलीतले रसायन दोघांच्या बाबतीत एकच, इथिल अल्कोहोल. यकृताला जातही कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही.

एकतीस डिसेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांत ‘तळीरामांवर पोलिसांची नजर’ असे मथळे येतात. हा तळीराम कोण, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातले हे पात्र. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी जुनी मंडळी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या सांगतात. तळीराम हा सुधाकर वकिलाचा कारकून. पिणाऱ्यांचे एक मंडळ काढून तो त्याची सारी थट्टामस्करी चालवतो. प्रेक्षक त्याच्यावर खूश असतात. पण हाच तळीराम नाटक संपण्यापूर्वी दारूनेच मरतो, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आणि त्याचे नाव एक विनोदी विशेषण म्हणून तेवढे शिल्लक ठेवले.

आमच्या वर्गात या नाटकाबद्दल ‘फार भडक आहे’ असा अभिप्राय सर्रास ऐकू येतो. सिंधूची सोशिकता आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रीला, असह्य होते हे मलाही मान्य आहे. पण मानसशास्त्राच्या दृष्टीने नाटक पुन्हा वाचले तेव्हा मी चकित झालो. सुधाकर हा मूर्ख किंवा दुष्ट माणूस नाही. तो बुद्धिमान, मानी आणि यशस्वी आहे. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या घायाळ अवस्थेत तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. दुःख विसरण्यापुरताच, एकदाच. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चयही करतो, आणि खऱ्या मनाने करतो. मग काम मागायला गेला असता त्याचा पाणउतारा होतो आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ‘रिलॅप्स’ म्हणतात, म्हणजे सुटलेले व्यसन उलटणे, ते हेच. ते बहुधा अपमान, एकटेपणा किंवा जुन्या मित्रांची गाठ अशा क्षणी उलटते, हे डॉक्टरांनी पुस्तकात लिहिण्याच्या कितीतरी आधी गडकऱ्यांनी रंगमंचावर दाखवून ठेवले. सुधाकराच्या तोंडी व्यसनाच्या पायऱ्यांचे जे लांबलचक भाषण आहे, त्यात सुरुवातीची संगतीची दारू, मग नशेसाठीची दारू आणि शेवटी शरीरालाच लागणारी दारू असा क्रम येतो. भाषेचा फुलोरा वजा केला तर ते एखाद्या रुग्णाच्या इतिहासासारखे वाचता येते.

पुण्यात हा प्रश्न गडकऱ्यांच्याही आधीचा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली त्यांनी पालिकेला पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल तक्रार केली. लोकांच्या आरोग्याची देखरेख करणाऱ्या पालिकेने त्याच आरोग्याचा आणि संसारांचा नाश करणाऱ्या दुकानांकडे दुर्लक्ष करावे, ही विसंगती त्यांनी दाखवली आणि दुकानांवर कर बसवावा असे सुचवले. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक पुण्यातल्या दारूच्या दुकानांसमोर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून परत फिरवू लागले. त्यांच्यावर खटले झाले. टिळकांचे राजकारण ज्यांना पसंत नव्हते ते डॉ. रा. गो. भांडारकरांसारखे विद्वानही या बाबतीत दारूबंदीच्या बाजूचे होते. त्या काळी दारूविरोध हा सरकारविरोधही होता, कारण अबकारी उत्पन्न इंग्रजांच्या तिजोरीत जात होते. आता ते आपल्याच राज्याच्या तिजोरीत जाते. असो, त्या वादात शिरलो तर हिशोब राहून जाईल.

तर हिशोब. मित्रांत वारंवार ऐकू येणारे वाक्य असे : ‘मी दारू पीत नाही रे, फक्त बिअर.’ जणू बिअर ही उसाच्या रसाची थोरली बहीण! दुकानात मिळणारी मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. ‘स्ट्रॉंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे त्या बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल झाले. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके. एका मिलिलिटरचे वजन साधारण ०.८ ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. आता व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घ्या. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते. तेव्हा एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. ‘फक्त बिअर’वाल्या आपल्या मित्राने एका बाटलीत दोन मोठे पेग रिचवले, एवढाच याचा अर्थ. सौम्य बिअर ५ टक्क्यांची धरली तरी बाटलीमागे २६ ग्रॅम होतात, म्हणजे एका मोठ्या पेगपेक्षा जास्तच.

हे ४१ ग्रॅम शरीरात गेल्यावर काय होते? अल्कोहोल पचावे लागत नाही. जठरातून आणि त्याहून वेगाने लहान आतड्यातून ते सरळ रक्तात उतरते आणि शरीरातल्या पाण्यात मिसळते. पोटात अन्न असेल तर हा वेग कमी होतो, एवढाच चकण्याचा उपयोग. साठ किलो वजनाच्या मुलाने ती बाटली रिकाम्या पोटी भराभर संपवली, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १०० मिलिग्रॅम अल्कोहोल येईल. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने वाहन चालवणाऱ्यासाठी घातलेली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका बाटलीने तिप्पट. मुलींच्या बाबतीत आकडा अधिक चढतो, कारण सरासरीने वजन कमी आणि शरीरातल्या पाण्याचे प्रमाणही कमी. पन्नास किलोच्या मुलीने एकच मोठा पेग घेतला तर तिचा आकडा ७० च्या वर जाऊ शकतो; तोच पेग साठ किलोच्या मुलाला ५० च्या आसपास नेईल. ‘बरोबरीने प्यायचं’ या हट्टातली बरोबरी अशी फसवी असते.

पुढचा भाग महत्त्वाचा. रक्तातले हे अल्कोहोल मुख्यतः यकृत निकालात काढते. आधी त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते, जे स्वतः विषारी आहे. मळमळ आणि डोकेदुखीला त्याचाही हातभार असतो. मग त्याचे निरुपद्रवी पदार्थ होतात. यकृताचा हा कारखाना ठरलेल्या वेगाने चालतो, ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने रक्तातला आकडा उतरतो. माणसामाणसांत थोडा फरक असतो, पण ओव्हरटाइमची सोय नाही. लिंबूसरबत, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, खडकवासल्याचे वारे यांपैकी कशानेही वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते. पण तेव्हा जागा झालेला माणूस प्यालेलाच असतो. रात्री बाराला १०० वर असलेला आकडा ३० च्या खाली यायला पहाटेचे पावणेपाच होतात आणि शून्यावर यायला सकाळचे साडेसहा-सात. सातच्या तासाला गाडीवरून येणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःच्या वहीत करून पाहावा.

आकडा चढत असताना मेंदूत काय घडते, हेही थोडे सांगतो. अल्कोहोल उत्तेजक आहे असा समज आहे, कारण प्यालेला माणूस बडबडतो, गातो, इंग्रजी बोलतो. वास्तविक ते मेंदूचे काम मंदावणारे द्रव्य आहे. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग विचार करतो, तोलतो, ‘हे करू नकोस’ असे सांगतो. तो लवकर सुस्तावतो, म्हणून माणूस मोकळा झाल्यासारखा वाटतो. मग लहान मेंदूचा तोल जातो, पावले अडखळतात. प्रमाण फारच वाढले तर श्वास चालवणारे मेंदूतले केंद्रही मंदावू लागते. अल्कोहोल भराभर चढले तर नव्या आठवणी साठवण्याचे कामच काही तास बंद पडते. माणूस चालत-बोलत असतो, पण दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. आपल्याकडे ही गोष्ट हसत सांगितली जाते : ‘काल काय केलं काही आठवत नाही यार!’ ज्याला ऐकून आपण हसतो, त्याच्या मेंदूचा एक भाग काल रात्री कामावर नव्हता.

तरुणांचा मुद्दा येथे येतो. मेंदूचा तो पुढचा, लगाम धरणारा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो, वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत. मौजेची ओढ निर्माण करणारे भाग त्याच्या कितीतरी आधी तयार असतात. गाडीला इंजिन आले, ब्रेक अजून बसायचा आहे, अशी आपली अठरा-वीस वर्षांची स्थिती. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हातरी दारूच्या आहारी गेले. वीस वर्षांनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. यावर कोणी म्हणेल, लवकर पिणाऱ्यांच्या घरची परिस्थितीच वेगळी असेल. ही शंका रास्त आहे आणि तो वाटा असणारच. पण चौपटीचा सगळा फरक तेवढ्यानेच भरून निघतो, असे मानायला मी तयार नाही.

महाराष्ट्राचा कायदा या बाबतीत कडक आहे, निदान कागदावर. २०११ सालच्या निर्णयाने व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी वय पंचवीस ठरले. बिअर आणि वाइनसाठी एकवीस. त्याशिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. एका दिवसाचा परवाना अवघ्या पाच रुपयांचा. मुलाने एकविसाव्या वर्षी लग्न करावे, मात्र त्या लग्नाच्या आनंदात व्हिस्की घेण्यासाठी चार वर्षे थांबावे, अशी ही रचना असल्याने तिच्यावर विनोद पुष्कळ होतात. परंतु पंचविशी हा आकडा मेंदूच्या वयाशी जुळतो, ही गोष्ट विनोद करणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. अडचण आकड्याची नाही. वय विचारणारा कोणी नसतो, ही आहे. आपल्या महाविद्यालयातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना कायद्याने बिअरही मिळू नये. ती मिळते की नाही, हे मी छापील शब्दांत सांगण्याची गरज नाही.

वय न विचारल्याने काय होते, ते पुण्याने १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिले. कल्याणीनगरमध्ये अडीचच्या सुमारास एका भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. मोटार चालवणारा मुलगा अठराही वर्षांचा नव्हता. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून तो मित्रांसह परतत होता, आणि त्यांना मद्य दिल्याबद्दल बारचालकांवर गुन्हा नोंदला गेला. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार लहान मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पुढचा भाग सर्वांना पाठ आहे : बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. (माझा हा लेख कोणी सांगितलेला नसताना तीनशे शब्दांच्या कितीतरी पुढे गेला आहे.) देशभर गदारोळ झाल्यावर तो आदेश बदलला. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनमधल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. यावर चर्चा झाली ती श्रीमंती आणि पैशाच्या जोरावर, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आपल्या टपरीवर मला एकदाही असा प्रश्न ऐकू आला नाही की, त्या मेजावर बसलेल्या मित्रांपैकी एकानेही गाडीची किल्ली का काढून घेतली नाही? कारण हा प्रश्न श्रीमंतांपुरता राहत नाही. सेकंडहँड ॲक्टिव्हावर ट्रिपलसीट परतणाऱ्यांनाही तो लागू पडतो.

‘सगळेच घेतात’ हे दुसरे आवडते वाक्य. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी १४.६ टक्के लोक दारू पितात, पुरुषांत २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. म्हणजे शंभर पुरुषांतले त्र्याहत्तर पीत नाहीत. मग ‘सगळेच’ असे का वाटते? याचे उत्तर वसतिगृहाच्या कॉरिडॉरमध्ये मिळते. पिणारे एका खोलीत जमतात, गाणी लावतात, दुसऱ्या दिवशी किस्से सांगतात. न पिणारा साडेदहाला दिवा मालवून झोपतो. त्याचा किस्सा होत नाही. नव्याने आलेला परभणीचा किंवा चंद्रपूरचा मुलगा गोंगाटाची खोली पाहतो आणि तेच पुणे असे समजतो. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो पहिल्यापेक्षा अस्वस्थ करणारा. एकूण लोकसंख्येपैकी ५.२ टक्के लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीचे आहे. १४.६ पैकी ५.२ म्हणजे पिणाऱ्या दर तिघांमागे एकाहून थोडे अधिक. एका टेबलाशी सहा मित्र बसले असतील तर त्यांतले दोघे. ते दोघे कोण, हे पहिल्या दिवशी कोणालाच ओळखता येत नाही.

आमच्या घरातले ते ‘तिघांतले एक’ म्हणजे माझे मामा. त्यांनी परवानगी दिली म्हणून लिहितो. मूळचे जुन्नर तालुक्यातले, भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. हात असा की मुकादम अवघड जॉब त्यांच्याकडेच द्यायचे. एकोणिसाव्या वर्षी पहिला पगार झाला, मित्रांनी पार्टी मागितली, तेथे सुरुवात झाली. मी या लेखासाठी त्यांना विचारले, “मामा, आपल्याला लागलीय हे तुम्हाला कधी कळलं?”

ते म्हणाले, “कळायला काय, लवकर कळतं. मानायला वेळ लागतो. सकाळी व्हर्नियर हातात धरला की हात थरथरायचा, रीडिंग घेता यायचं नाही. मग पहिल्या पाळीला जायच्या आधी एक क्वार्टर. ती घेतली की हात एकदम स्थिर. मला वाटायचं, बघा, दारूनं माझं काम नीट होतंय.”

मामांच्या या बोलण्यात व्यसनाचे शरीरशास्त्र सगळे आले. रोज मंदावणारे द्रव्य मिळत राहिले की मेंदू त्याला तोंड देण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. द्रव्य मिळाले नाही की तो वाढलेला वेग उघडा पडतो : हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते; काहींना भास होतात, झटके येतात. म्हणून फार दिवस रोज पिणाऱ्या माणसाने घरच्यांच्या शपथेखातर एकाएकी सोडणे धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी लागते. ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणून अशा माणसाला कोंडून ठेवणारे नातेवाईक नकळत त्याच्या जिवाशी खेळत असतात. मामांच्या बाबतीत आजीने नवस केला होता, देवीपुढे शपथ घालून झाली होती, मामींनी दोनदा माहेर गाठले होते. शेवटी एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिले. बाहेर आल्यावर आठ महिन्यांनी पुन्हा प्याले. पुन्हा गेले. आज त्यांना सोडून अकरा वर्षे झाली. पण ‘सोडली’ हा शब्द ते वापरत नाहीत. कोणी विचारले तर ‘आज घेतलेली नाही’ म्हणतात. ही पद्धत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मंडळींची आहे. पिणारे एकमेकांना भेटून, नावगाव न उघड करता, आपले अनुभव सांगतात. तिच्या सभा पुण्यातही होतात.

पुण्याचे नाव या क्षेत्रात ‘मुक्तांगण’मुळे झाले. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या तरुणांत ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरली होती. डॉ. अनिल अवचटांनी तिच्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभे करण्याची जबाबदारी घेतली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं.च्या हस्ते ते सुरू झाले. गर्दसाठी सुरू झालेल्या या केंद्रात दारूसाठी येणारेही मोठ्या संख्येने असतात. स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नव्याने आलेल्यांची काळजी घेतात. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर पुढे काम चालवीत आहेत. अवचटांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी वाचनालयातून जरूर घ्यावे. आजारी माणसाबद्दल तुच्छता न बाळगता कसे लिहावे, याचा तो धडा आहे.

व्यसनापर्यंत न पोचणाऱ्यांना धोका नाही, असा मात्र समज नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ साली जगात दारूमुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले, आणि दारूमुळे होणाऱ्या मृत्यूंचा सर्वाधिक वाटा, १३ टक्के, वीस ते एकोणचाळीस या वयोगटाचा होता. यकृत निकामी व्हायला वर्षे लागतात. अपघाताला, बुडायला, भांडणात डोके फुटायला एक रात्र पुरते. गेल्या वर्षी एकतीस डिसेंबरला आमच्या मजल्यावरचा एक मुलगा बेशुद्ध झाला. त्याचे मित्र ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून त्याला उताणा टाकून गच्चीवर गेले होते. शेजारच्या खोलीतला नांदेडचा एक सीनियर अभ्यास करीत जागा होता. त्याला घशातून येणारा विचित्र घरघराट ऐकू आला. तो आणि मी आत गेलो, त्या मुलाला कुशीवर वळवले, तोच भडाभडा उलटी झाली. हाक मारून, चिमटा काढून तो जागा होईना. दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला, तिसऱ्याने नेले. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कुशीवर केलंत ते बरं केलंत. उलटी श्वासनलिकेत गेली असती तर इथवर आणायची वेळच आली नसती.” घशात काही गेले की ठसका देऊन बाहेर टाकण्याची शरीराची सवय अति दारूने बधिर होते, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. शिवाय शेवटचा पेग पोटात असतो तोवर माणूस बेशुद्ध झाल्यावरही रक्तातला आकडा चढतच राहतो. ‘झोपला, आता उतरेल’ ही समजूत त्यामुळे उलटी आहे. तो चढत असण्याचीही शक्यता असते. हाकेला ओ देत नसेल, श्वास संथ किंवा तुटक होत असेल, अंग गार पडून ओठ निळसर दिसू लागले असतील, तर १०८ वर फोन करावा आणि तोवर एकटे सोडू नये. रेक्टर काय म्हणतील, घरी कळेल का, हे प्रश्न सकाळी सोडवता येतात. तो मुलगा सध्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अंतर्गत परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवतो.

आपले पिणे मर्यादेत आहे की नाही, हे कसे ओळखावे? डॉक्टर मंडळी यासाठी चार साधे प्रश्न वापरतात. १९८४ साली ते एका वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर रूढ झाले. आपण कमी करायला हवे असे कधी वाटले आहे काय? आपल्या पिण्यावर कोणी बोलले तर राग येतो काय? पिण्याबद्दल अपराधी वाटले आहे काय? आणि सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला किंवा आदल्या रात्रीचा त्रास घालवायला कधी घेतली आहे काय? दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे, असा संकेत आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. आपल्या विभागातल्या मॅडमही असे बोलणे ऐकून घेतात आणि ते वर्गात सांगत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. मामांसाठी पहिली चौकशी मी त्यांच्याकडेच केली होती, तेव्हा मी अकरावीत होतो आणि मामा दुसऱ्यांदा बिघडतील की काय अशी आम्हाला भीती वाटत होती.

हे चारही प्रश्न मी मामांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून कागद स्वतःच्या हातात घेतला, पुन्हा एकदा वाचला. “पहिले तीन तर बाविसाव्या वर्षीच हो होते,” ते म्हणाले, “चौथा सव्विसाव्या. पण तेव्हा विचारलं कुणी?” मग मामींनी चहा आणला आणि ते जुन्नरच्या पावसाबद्दल बोलू लागले.